कॉलेज कॉन्फरन्स सोडायची ‘एक्झिट फी’ : हे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून जातात?

गुलबक्षी :

नमस्कार मंडळी,

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. इथे मराठी घरं भरपूर, आणि बऱ्याच घरांतली मुलं एनसी स्टेट, चॅपल हिल नाहीतर ड्यूकच्या वाटेवर. त्यामुळे कॉलेजचं (अमेरिकन) फुटबॉल आवडो न आवडो, एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा विषय गप्पांत निघतोच.

मार्च २०२५ मध्ये एसीसी आणि तिचेच दोन सभासद, फ्लोरिडा स्टेट व क्लेमसन, यांच्यातले खटले तडजोडीने मिटले. त्यात बाहेर पडायची किंमत ठरली. २०२५-२६ मध्ये जायचं तर १६.५ कोटी डॉलर. पुढे दरवर्षी १.८ कोटींनी उतरत २०३०-३१ मध्ये ७.५ कोटी. पैसे भरले की प्रसारणाचे हक्क घेऊन मोकळं व्हायचं.

आकडा मोठा की लहान, हा माझा प्रश्न नाही. ही रक्कम मागे राहणाऱ्यांचं नुकसान भरून काढायला आहे, की कुणी जाऊच नये म्हणून घातलेला अडसर आहे? आणि ती भरतं कोण? माझं मत सांगते. जाणाऱ्यामुळे जेवढं नुकसान होतं तेवढं त्याने जरूर द्यावं, त्यावर एक डॉलरही नाही. आणि त्याचा भार विद्यार्थ्यांच्या फीवर किंवा पोहणं, टेनिस, कुस्ती अशा खेळांवर येता कामा नये.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. मतभेद असतील तर तेही येऊ द्यात.

तांबडा_पांढरा :

ताई, आमच्यासारख्या कोल्हापूरकरांसाठी आधी एवढं सांगा, की कॉन्फरन्स ही सरकारी संस्था की खाजगी? कॉलेजला तिच्यात राहायची सक्ती असते का? फुटबॉल म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर शाहू स्टेडियम येतं.

गुलबक्षी :

@तांबडा_पांढरा, सक्ती अजिबात नाही. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपणहून केलेला संघ. एसीसी १९५३ साली सात कॉलेजांनी सुरू केली. आपापसांत सामने लावायचे, विजेतेपद ठरवायचं, आणि आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टीव्हीचे हक्क एकत्र विकून आलेले पैसे वाटून घ्यायचे. सरकारी विद्यापीठं आणि खाजगी विद्यापीठं एकाच कॉन्फरन्समध्ये असतात. नियम सभासदच मतदानाने करतात, एक्झिट फीसुद्धा. म्हणूनच भांडण अवघड होतं : नियम करताना हात वर करणारेच पुढे कोर्टात जातात.

कासव :

हात वर न करणारेही जातात. माझं शिक्षण मेरीलँड विद्यापीठाचं, कॉलेज पार्कचं, त्यामुळे ही गोष्ट मला पाठ आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये नोट्रे डेमला (फुटबॉल सोडून) एसीसीत घ्यायचं ठरलं आणि त्याच वेळी एक्झिट फी वाढवून कॉन्फरन्सच्या वार्षिक खर्चाच्या तिप्पट केली गेली. तेव्हाच्या हिशेबाने ५.२२ कोटी डॉलर. विरोधात मत देणारे दोघेच : मेरीलँड आणि फ्लोरिडा स्टेट. पुढचं सगळं रामायण या दोन मतांत आधीच दिसतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मेरीलँडने बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाणार असं जाहीर केलं. स्थापनेपासूनचा सभासद, साठ वर्षांचं नातं. एसीसीने लगेच नॉर्थ कॅरोलायनातल्या गिलफर्ड काउंटीत दावा लावला, कारण कॉन्फरन्सचं ऑफिस तेव्हा ग्रीन्सबरोला होतं. मेरीलँडने आपल्या राज्यात दावा लावला, आणि पुढे १५.७ कोटींचा प्रतिदावाही केला. ऑगस्ट २०१४ मध्ये तडजोड झाली ३.१४ कोटींवर.

आता गुलबक्षीताईंच्या प्रश्नाकडे येतो. या ३.१४ कोटींचा चेक मेरीलँडने कधी लिहिलाच नाही. घोषणा झाल्यापासून एसीसीने मेरीलँडच्या वाट्याचे पैसे द्यायचं थांबवलं होतं. टीव्हीचा वाटा, स्पर्धांचा वाटा, सगळं अडकवून ठेवलं. तडजोड म्हणजे ते अडकवलेले पैसे एसीसीकडेच राहू द्यायचे, एवढंच. पेपरात ‘दंड भरला’ असं छापून येतं, प्रत्यक्षात विद्यापीठाच्या जमेच्या बाजूची एक ओळ कोरी राहते. ती कोरी ओळ भरून काढायला कुठून तरी पैसे आणावे लागतात, आणि ते कुठून आणले हे शोधणं फार कठीण.

मेरीलँड निघालंच का, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी, २०१२ च्या उन्हाळ्यात, पैसे नाहीत म्हणून तिथे सात संघ बंद झाले होते. पुरुष व महिलांचं पोहणं, पुरुषांचं टेनिस त्यात होतं. बिग टेनचा टीव्हीचा पैसा हा तो खड्डा भरायचा मार्ग होता.

सोलापुरी_चादर :

माझं आपलं साधं निरीक्षण : बिग टेनमध्ये अठरा संघ, बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा, आणि अटलांटिक कोस्टमध्ये पॅसिफिकच्या काठचं स्टॅनफर्ड. गणित आणि भूगोल दोन्ही विषय आधी बाहेर पडलेत, त्यांच्याकडून एक्झिट फी घेतली का? :)

मोरपंखी :

:) चादरभाऊ, हसले, पण भूगोलाचा मुद्दा आमच्या घरी फार खरा आहे.

माझी मुलगी व्हॉलीबॉल खेळते. विद्यापीठाचं नाव घेत नाही. कॉन्फरन्स बदलल्यावर जिथे बसने जाऊन रात्री परत यायचं, तिथे आता दोन विमानं आणि तीन तासांचा वेळेचा फरक. ती गेल्या सीझनमध्ये विमानतळावर खाली बसून, लॅपटॉप बॅगेवर ठेवून, केमिस्ट्रीचा लॅब रिपोर्ट लिहीत होती. शेजारी पायाला बर्फाची पिशवी बांधलेली. फोटो संघातल्या मैत्रिणीने कौतुकाने पाठवला होता. मला कौतुक वाटलं आणि रागही आला. हा बदल फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशासाठी झाला. व्हॉलीबॉलच्या मुलींना कुणी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हा नुकसान कुणाचं मोजायचं? कॉन्फरन्स आपलं मोजते, विद्यापीठ आपलं मोजतं. या मुलांचं कुठल्याच करारात येत नाही.

बाराखडी :

पुण्यात वकिली करतो, करारांचीच कामं जास्त. म्हणून कायद्याच्या बाजूने थोडं.

अमेरिकेत, इंग्लिश कॉमन लॉच्या वळणाने, करारात आधीच ठरवलेली नुकसानभरपाई चालते, पण दंड चालत नाही. कोर्ट दोन गोष्टी बघतं : करार करताना नुकसान किती होईल हे सांगणं अवघड होतं का, आणि ठरवलेली रक्कम त्या अंदाजाशी सुसंगत आहे का. नुसती धाक दाखवायला ठेवलेली रक्कम असेल तर ती वसूल होत नाही. मेरीलँडचा बचाव साधारण हाच होता. ‘वार्षिक खर्चाच्या तिप्पट’ या सूत्राचा आणि एक सभासद गेल्याने होणाऱ्या नुकसानाचा संबंध काय, हा प्रश्न रास्तच आहे.

आपल्याकडे भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ आहे. आपण दंड आणि भरपाई यांत तसा भेदच ठेवला नाही. करारात कितीही आकडा लिहा, कोर्ट त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी असेल तेवढंच देणार. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद प्रकरणात हे नीट मांडलंय. गुलबक्षीताईंचं ‘नुकसानाएवढं द्या, वर एक डॉलर नाही’ हे मत कलम ७४ च्या फार जवळ जातं.

पण मेरीलँड, फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन ही तिन्ही प्रकरणं तडजोडीने मिटली. निकाल लागलाच नाही. एक्झिट फी वैध की अवैध हे ठाम सांगणारा निकाल दोन्ही बाजूंना नको असतो. कॉन्फरन्स हरली तर सगळेच पळतील, विद्यापीठ हरलं तर पूर्ण रक्कम गळ्यात.

नाना_ऑस्टिन :

मी इथे टेक्ससमध्ये बरीच वर्षं आहे आणि माझं मत धाग्याच्या उलट आहे. दंड जबर असलाच पाहिजे.

टेक्सस आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांनी जुलै २०२१ मध्ये बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीत (साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये) जायचं जाहीर केलं. मागे राहिले आठ : बेलर, टीसीयू, टेक्सस टेक, ओक्लाहोमा स्टेट, कॅन्सस, कॅन्सस स्टेट, आयोवा स्टेट, वेस्ट व्हर्जिनिया. त्या उन्हाळ्यात या आठांची अवस्था काय होती ते आठवा. टीव्हीवाले ज्यांच्यासाठी पैसे मोजत होते ते दोघेच निघाले. मॅनहॅटन, कॅन्सस किंवा एम्स, आयोवासारख्या गावात शनिवारच्या सामन्यावर हॉटेलं, दुकानं चालतात.

शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरलं, की दोघांनी मिळून १० कोटी डॉलरवर पाणी सोडायचं आणि एक वर्ष आधी, २०२४ मध्ये जायचं. कासवदादा म्हणतात तसंच, तेही वाट्यातून वजा. या पैशामुळे उरलेल्यांना श्वास घ्यायला वेळ मिळाला. मागच्या वेळी २०११ मध्ये नेब्रास्का ९२.५ लाखांत आणि कोलोरॅडो ६८.६ लाखांत सुटले होते. स्वस्तात सुटता येतं हे दिसल्यावर पुढच्याच वर्षी टेक्सस ए अँड एम आणि मिझुरी गेले. दार उघडं ठेवलं की असंच होतं.

गुलबक्षी :

नाना, तुमच्या आठांचं नुकसान मला मान्यच आहे, आणि ते भरून मिळालंच पाहिजे. पण फ्लोरिडा स्टेटने दाव्यात सगळं मिळून हिशेब मांडला होता ५७.२ कोटी डॉलरचा. एक सभासद गेल्याने कॉन्फरन्सचं खरंच इतकं नुकसान होतं का?

बाराखडी :

ताई, त्या ५७.२ कोटींत एक्झिट फी साधारण १३ कोटींची होती. बाकी बहुतेक सगळा भाग ‘ग्रँट ऑफ राइट्स’चा. हे दोन वेगळे कागद आहेत आणि सगळी गंमत दुसऱ्यात आहे.

ग्रँट ऑफ राइट्समध्ये विद्यापीठ आपल्या घरच्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रसारण हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे करून देतं. एसीसीत हा करार २०१३ मध्ये, म्हणजे मेरीलँडचा झटका बसल्यावर झाला, आणि २०१६ मध्ये ईएसपीएनशी नवं चॅनल ठरताना २०३६ पर्यंत वाढवला. तुम्ही उद्या कॉन्फरन्स सोडा, हक्क मागेच राहतात. मग ज्याच्या सामन्यांचं प्रसारण विकता येत नाही अशा संघाला नवी कॉन्फरन्स घेईल कशाला? एक्झिट फी पैसे भरून संपते, ग्रँट ऑफ राइट्स वर्षानुवर्षं बांधून ठेवतो.

म्हणून मार्च २०२५ च्या तडजोडीतलं महत्त्वाचं कलम १६.५ कोटींचं नाही. ती रक्कम भरल्यावर हक्क परत मिळणार, हे आहे.

कासव :

अगदी. आणि फ्लोरिडा स्टेटचा राग कधी उफाळला तेही बघा. २०२३ मध्ये तेरापैकी तेरा सामने जिंकले, एसीसीचं विजेतेपद मिळवलं आणि तरी राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या चार संघांच्या प्लेऑफमधून वगळले गेले. दावा लावला २२ डिसेंबर २०२३ ला. एसीसीने तर आदल्याच दिवशी शार्लटमध्ये आपला दावा लावून ठेवला होता, कारण आपल्या अंगणातलं कोर्ट मिळणं महत्त्वाचं. क्लेमसनने मार्च २०२४ मध्ये दावा केला. पण मूळ दुखणं प्लेऑफच्या आधीचं आहे. एसईसी आणि बिग टेनच्या सभासदांना आपल्यापेक्षा वर्षाला तीनेक कोटी डॉलर जास्त मिळणार, असं फ्लोरिडा स्टेट बरेच महिने उघड बोलत होतं.

तडजोडीत म्हणूनच वाटणीही बदलली. एसीसीच्या टीव्हीच्या पैशातला ६० टक्के भाग आता प्रेक्षकसंख्येवर आणि ४० टक्के समान. म्हणजे राहणाऱ्यांनाही किंमत मोजावी लागली. वेक फॉरेस्ट किंवा बॉस्टन कॉलेजचं यात काय होणार ते उघड आहे.

रात्रपाळी :

आयटीवाल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. नोटीस पीरियड पुरा करा नाहीतर बायआउट भरा. आणि बहुतेक वेळा बायआउट नवी कंपनी देते. इथेही नवी कॉन्फरन्सच देत असणार ना?

कासव :

@रात्रपाळी, नोटीसचा भाग जुळतो. बिग ईस्टमध्ये ५० लाख डॉलर आणि २७ महिन्यांची नोटीस होती. वेस्ट व्हर्जिनियाने २७ महिने थांबायला नकार दिला, कोर्टात गेले आणि २ कोटी देऊन २०१२ मध्येच बिग ट्वेल्व्हमध्ये गेले. सिराक्यूज आणि पिट्सबर्ग प्रत्येकी ७५ लाख देऊन वर्षभर आधी सुटले. तीच २७ महिन्यांची अट पुढे अमेरिकन कॉन्फरन्समध्ये आली, आणि सिनसिनाटी, ह्यूस्टन व सेंट्रल फ्लोरिडाने प्रत्येकी १.८ कोटी मोजून ती टाळली. लवकर जायचंय तर वेळ विकत घ्या.

पण नवी कॉन्फरन्स देते हे मात्र नेहमी खरं नाही. बऱ्याचदा उलटं, आत यायचीही किंमत असते. एसएमयूने (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने) अमेरिकन कॉन्फरन्स सोडताना २.५ कोटी दिले आणि एसीसीत नऊ वर्षं टीव्हीचा वाटा न घेण्याचं कबूल केलं. त्यांच्या देणगीदारांनी आठवड्याभरात १० कोटी डॉलर गोळा केले म्हणून ते जमलं. स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) सुरुवातीची सात वर्षं ३० टक्के वाट्यावर आहेत. ओरेगन, वॉशिंग्टन बिग टेनमध्ये साधारण अर्ध्या वाट्यावर आत आले.

पुलमनचा_पाहुणा :

वाचत होतो, आता राहवत नाही. मी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा, पुलमनला शिकलो. एक्झिट फी नसली की काय होतं ते आमच्या पॅक-१२ कॉन्फरन्सकडे बघा.

जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए गेले. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो. ४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात ओरेगन, वॉशिंग्टन, अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड नि कॅल. शंभरीतली कॉन्फरन्स, उरले दोन : आम्ही आणि ओरेगन स्टेट. हक्कांचा करार २०२४ च्या उन्हाळ्यात संपतच होता, त्यामुळे कुणाला एक छदाम दंड नाही. पुलमन हे गव्हाच्या शेतांमधलं छोटं गाव. सामन्याच्या दिवशी स्टेडियममध्ये गावाइतकी माणसं असतात. तिथे त्या ऑगस्टमध्ये लोक एकमेकांना काय विचारायचं तेच न सुचून नुसते भेटत होते, असं माझे मित्र सांगतात.

आम्हाला जे मिळालं ते कोर्टामुळे. कॉन्फरन्सच्या नियमात होतं, की १ ऑगस्ट २०२४ पूर्वी सोडण्याची नोटीस देणाऱ्याचं बोर्डावरचं मत जातं. दहाही जणांनी जायचं जाहीर केलं आणि तरी पैशाच्या वाटणीवर मत द्यायला बसायला तयार. व्हिटमन काउंटीच्या न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये कारभार आमच्या दोघांच्या हाती दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही, मग तडजोड झाली आणि जाणाऱ्या दहांनी मिळून ६.५ कोटी सोडले.

म्हणून मी नानांच्या बाजूने. कुलूप हवंच.

सोलापुरी_चादर :

पाहुणे, तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण वर्षभरात तुम्हीच माउंटन वेस्ट कॉन्फरन्सचे पाच गडी उचललेत, आणि त्यांच्या दंडाविरुद्ध तुम्हीच कोर्टात गेलात. त्याचं काय?

पुलमनचा_पाहुणा :

येणार होतंच हे. :)

सांगतो. २०२४ च्या सीझनला आम्हा दोघांना खेळायला संघच नव्हते. माउंटन वेस्टशी एका वर्षाचा सामन्यांचा करार केला, १.४ कोटी डॉलर देऊन. त्यात त्यांनी कलम घातलं : आमचा एखादा संघ तुम्ही घेतलात तर १ कोटी, आणि पुढच्या प्रत्येकाला पाच-पाच लाखांनी वाढत. बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, मग युटा स्टेट. पाचांचे ५.५ कोटी. हे त्या पाच विद्यापीठांच्या स्वतःच्या एक्झिट फीच्या वर, आणि ती एक्झिट फीही प्रत्येकी १.७ कोटींहून जास्त. एकाच जाण्यासाठी दोनदा वसुली. पॅक-१२ ने सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला तो याच्यावर. जाणाऱ्याने द्यावं हे मला मान्य. घेणाऱ्यानेही द्यावं, आणि तेसुद्धा त्याच्याकडे दुसरा पर्याय नसताना सही घेऊन, हे मान्य नाही.

नाना_ऑस्टिन :

पाहुणेबुवा, सही करताना वकील होतेच ना शेजारी? माउंटन वेस्टच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही हेच कलम घातलं असतं. तुमच्या दहांनी तुम्हाला सोडलं तेव्हा बिग टेनकडून असे पैसे मिळाले असते तर नको म्हणाला असतात?

पुलमनचा_पाहुणा :

नसतो म्हणालो. तुमचा मुद्दा बिनतोड आहे नाना. तरी दुहेरी वसुली मला चूकच वाटते.

बाराखडी :

दोघांचंही पटतं. कायद्याच्या दृष्टीने पाहुण्यांचा मुद्दा कमकुवत नाही : एकाच नुकसानासाठी दोन भरपाया कशा, असं कोर्ट विचारतंच.

सॅन डिएगो स्टेटचं नाव आलं म्हणून आठवलं. जून २०२३ मध्ये त्यांनी माउंटन वेस्टला पत्र लिहिलं, की जायचा विचार आहे, पण मुदतीत थोडी सवलत द्या. कॉन्फरन्सने त्या पत्रालाच राजीनामा मानलं आणि पैसे अडकवले. ३० जूनच्या आत नोटीस दिली तर साधारण १.६५ कोटी, उशीर झाला तर दुप्पट, असा मामला होता. शेवटी विद्यापीठ राहिलं आणि कॉन्फरन्सचा वकिलीचा खर्च त्यांनी भरला. पत्रातल्या दोन वाक्यांची किंमत! अशिलांना मी नेहमी सांगतो, विचार कळवायचा असेल तर फोन करा.

मोरपंखी :

पैशाचा दंड परवडला म्हणायची वेळ येते कधीकधी. जेम्स मॅडिसन विद्यापीठाने २०२१ मध्ये सीएए ही कॉन्फरन्स सोडून सन बेल्ट कॉन्फरन्समध्ये जायचं ठरवलं, तेव्हा सीएएच्या नियमाप्रमाणे त्यांच्या संघांना त्या वर्षीच्या कॉन्फरन्सच्या अजिंक्यपद स्पर्धांतूनच वगळलं. त्यांचा सॉफ्टबॉल संघ २०२१ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये सगळ्या देशाने डोक्यावर घेतला होता, आणि पुढच्याच वर्षी त्या मुलींना आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा खेळू दिली नाही. निर्णय घेतला बोर्डाने, सीझन गेला विशीतल्या मुलींचा. चौथ्या वर्षातल्या मुलीला पुढचं वर्ष नसतं.

अशी शिक्षा कायद्याने बंद करावी असं मला मनापासून वाटतं. पैसे घ्या हवे तेवढे.

तांबडा_पांढरा :

आता मला बरंच कळायला लागलंय. अवांतर विचारतो : आपल्या आयपीएलमध्ये असं काही आहे का?

बाराखडी :

सोडून जाण्याचं नाही, पण काढून टाकण्याचं आहे. कोची टस्कर्सला बीसीसीआयने २०११ मध्ये काढलं, बँक गॅरंटी वेळेत दिली नाही म्हणून. लवादाने उलट बीसीसीआयलाच भरपाई द्यायला लावली, आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो सुमारे ५३८ कोटी रुपयांचा निवाडा कायम ठेवला. संघटना बलाढ्य असली म्हणून तिने लावलेला प्रत्येक दंड टिकतोच असं नाही, एवढाच संबंध. अवांतर समाप्त.

बे_एरिया_बाबा :

कॅलचा माजी विद्यार्थी. ‘नुकसान कुणाचं, भरणार कोण’ याचं एक वेगळं उदाहरण आमच्याकडचं आहे.

यूसीएलए आणि कॅल बर्कली दोन्ही एकाच सरकारी व्यवस्थेतली विद्यापीठं, वर एकच रीजंट्सचं, म्हणजे कारभार पाहणारं, मंडळ. यूसीएलए बिग टेनच्या पैशासाठी गेलं आणि कॅल उघड्यावर पडलं. रीजंट्सनी मे २०२४ मध्ये ठरवलं, की यूसीएलएने कॅलला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायचे. लोकांनी त्याचं ‘कॅलिमनी’ (अॅलिमनी म्हणजे पोटगी, त्यावरून) असं नाव पाडलं. कॉन्फरन्सच्या करारात हे कुठेच नव्हतं. घरातल्या मोठ्यांनी बसून, कुणामुळे कुणाचं किती गेलं ते बघितलं आणि आकडा ठरवला.

मला गुलबक्षीताईंच्या मताच्या सगळ्यात जवळ हे वाटतं. पण दुसरी बाजूही आहे : यूसीएलएचा अॅथलेटिक्स विभाग स्वतःच मोठ्या तुटीत आहे. म्हणजे एका तुटीतून दुसरी तूट भरली.

रात्रपाळी :

मग खेळाडूंचं काय? ते आता मोकळे आहेत ना जायला?

कासव :

हो, २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलू शकतो, बसून राहावं लागत नाही. आणि प्रशिक्षक तर काढला तरी पैसे घेऊन जातो. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशरना काढलं तेव्हा ७.५ कोटींच्या वर देणं लागलं. एसीसीतून २०३०-३१ मध्ये बाहेर पडायला जेवढे लागतील साधारण तेवढेच, एका माणसाला घरी पाठवायला.

खेळाडूंच्या मोबदल्याच्या ‘हाउस’ खटल्यात जून २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा साधारण २.०५ कोटी. माझ्या मते हे योग्यच झालं, मुलांना त्यांच्या मेहनतीचे मिळायलाच हवेत. पण याच तिजोरीतून एक्झिट फीही जाणार असेल तर कात्री कुठे लागणार? फुटबॉलला नक्कीच नाही.

गुलबक्षी :

म्हणजे मोरपंखींच्या मुलीसारख्यांनाच.

सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं सरकलंय. पाहुण्यांचं पुलमन वाचल्यावर ‘एक्झिट फी नकोच’ असं कुणी म्हटलं तर मी विरोध करीन. नानांचं कुलूप मात्र मला अजूनही पटत नाही. राहायचं नसलेल्याला २०३६ पर्यंत बांधून ठेवून एसीसीचं भलं झालं नाही, सव्वा वर्ष कोर्टात गेलं आणि वकिलांचे पैसे दोन्हीकडून सभासदांचेच. उतरती रक्कम हा त्यातल्या त्यात बरा मार्ग वाटतो. करार जितका जुना होतो, तितकं जाण्याने होणारं नुकसान कमी.

पण पैसे कुठून दिले हे विद्यापीठाने जाहीर करायची सक्ती हवी. देणगीदार, टीव्हीचा वाटा, कर्ज की विद्यार्थ्यांची फी. निदान सरकारी विद्यापीठांनी तरी.

नाना_ऑस्टिन :

या शेवटच्या मुद्द्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आणि बिग टेनचा सध्याचा टीव्ही करार २०२९-३० ला संपतो, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१ ला. एसीसीची रक्कम ७.५ कोटींवर येते तीही तेव्हाच. पुढची मोठी हलवाहलव तेव्हा होणार हे धरून चाला.

गुलबक्षी :

आमचा मुलगा बरोबर तेव्हाच कॉलेजात असेल. मग आत्ताच काय बघून ठेवू?

कासव :

ताई, नॉर्थ कॅरोलायनातल्या सरकारी विद्यापीठांच्या फीच्या तक्त्यात अॅथलेटिक्स फी ही वेगळी ओळ असते. विद्यापीठाच्या साइटवर फीच्या पानावर मिळेल. मुलगा खेळो न खेळो, ती भरावी लागते. गेल्या काही वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून ती ओळ किती वाढली ते बघा. आणि कॅम्पस टूरला गेलात की खेळांची यादी मागा, आधीच्या यादीशी ताडून बघा. कुठला संघ गेलाय का ते लगेच कळेल.

मोरपंखी :

आणि संघात असेल तर प्रवासाचं वेळापत्रक मागा. परीक्षेच्या आठवड्यात कुठे खेळायला जायचंय, हे प्रशिक्षकांना विचारायला लाजू नका. मी विचारलं नव्हतं.

गुलबक्षी :

लिहून घेतलं. तक्ते काढून इथेच टाकते, एनसी स्टेट आणि चॅपल हिल दोन्हींचे. मेरीलँड आणि वॉशिंग्टन स्टेटचे कुणी काढले तर तुलना करता येईल. कासवदादा, पाहुणे, घ्याल का अंगावर?

पुलमनचा_पाहुणा :

घेतलं. रविवारपर्यंत टाकतो.